मोटर बदलण्याआधी: गाडीच्या दाराच्या सेंट्रल लॉकची दुरुस्ती

गाडीच्या एखाद्या दाराचे सेंट्रल लॉक चालेनासे झाले की ‘मोटर गेली’ हे वाक्य गॅरेजमध्ये पहिल्यांदा ऐकू येते, आणि बहुतेक वेळा ते दाराचे पॅड, म्हणजे दाराचे आतले आवरण, उघडण्याआधीच उच्चारलेले असते. आमच्या २०११ सालच्या पेट्रोल हॅचबॅकच्या बाबतीतही तेच झाले. चालकाच्या दाराचे लॉक आधी अधूनमधून रुसू लागले, मग रिमोटचे बटण दाबल्यावर चारही दारे लॉक होऊन क्षणार्धात पुन्हा उघडू लागली, आणि पुढे मागच्या डाव्या दाराने दाद देणेच सोडले. दोन्ही दारांची संपूर्ण लॉक असेंब्ली बदलण्याचा जो खर्च मला सांगण्यात आला, तो या वयाच्या गाडीवर करण्याजोगा मुळीच नव्हता. म्हणून काम स्वतःच करायचे ठरवले. ते करताना माझे पक्के मत असे झाले की या दुरुस्तीत पाना चालवण्यापेक्षा दोष नेमका कुठे आहे हे शोधण्यात जास्त वेळ घालवावा. मोटरचा नंबर त्या शोधात बराच खाली लागतो.

यंत्रणा नीट समजली की निम्मा शोध दार न उघडताच पूर्ण होतो. जुन्या गाड्यांत आणि बाहेरून बसवून घेतलेल्या किटमध्ये प्रत्येक दाराच्या पोटात एक लहान प्लॅस्टिकचा डबा असतो. त्यातून दोनेक सेंटिमीटर पुढेमागे सरकणारा दांडा बाहेर येतो आणि सळईच्या मदतीने लॉकची खुंटी खालीवर करतो. वायरिंगवाले या डब्याला ‘गन’ म्हणतात आणि दुकानातही त्याच नावाने ती मागावी लागते. गनच्या आत १२ व्होल्टवर चालणारी साधी डीसी मोटर आणि दातेरी चाके असतात. मोटरला दोनच वायर असतात. त्यांपैकी एकीला धन आणि दुसरीला ऋण टोक मिळाले की दांडा एका दिशेने जातो, आणि टोकांची अदलाबदल झाली की उलट दिशेने. ही अदलाबदल डॅशबोर्डखालचे कंट्रोल युनिट आपल्या रिलेंमार्फत, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचांमार्फत, करते आणि तीसुद्धा जेमतेम सेकंदभरासाठी, कारण दांडा टोकाला जाऊन अडल्यावरही वीज चालूच राहिली तर जागच्या जागी कुंथणारी मोटर तापून जळून जाईल.

चालकाच्या दारातली गन मात्र वेगळी असते. तिला दोनऐवजी पाच वायर असतात. दोन मोटरच्या, आणि उरलेल्या तीन आतल्या एका बारीक स्विचच्या. आपण किल्लीने किंवा खुंटी दाबून चालकाचे दार लॉक करतो तेव्हा दांड्यासोबत हा स्विचही फिरतो, ‘दार लॉक झाले’ असा निरोप कंट्रोल युनिटला देतो, आणि मग युनिट बाकीच्या दारांना हुकूम सोडते. थोडक्यात, या दारातली गन हुकूम पाळणारीही आहे आणि हुकूम देणारीही. बाजारातल्या किटमध्ये निळी आणि हिरवी या बहुधा मोटरच्या वायर असतात, तर काळी, पांढरी आणि तपकिरी स्विचच्या. मात्र कंपनीच्या मूळ वायरिंगमध्ये रंग निराळे असू शकतात, त्यामुळे रंगावर विसंबून कोणतीही वायर कापू नये.

आता लक्षणांकडे वळू. सगळीच दारे एकदम निपचित पडली असतील तर एखाद्या दाराच्या गनकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही. फ्यूज, कंट्रोल युनिट किंवा त्याचे अर्थिंग तपासावे. रिमोटने काहीच होत नाही, पण चालकाच्या दारात किल्ली फिरवली की सगळी दारे मुकाट्याने लॉक होतात, असे असेल तर रिमोटमधला बटणासारखा सेल बदलून पाहावा. तो बहुतेक रिमोटमध्ये सीआर २०३२ या क्रमांकाचा आणि ३ व्होल्टचा असतो, आणि तो उतरत आला की रिमोट आधी लांबून चालेनासा होतो व मग जवळूनही. रिमोटने दारे उघडली आणि अर्ध्या-एक मिनिटात ती आपोआप पुन्हा लॉक झाली, तर तो बिघाड समजू नये. एकही दार प्रत्यक्ष उघडले गेले नाही, म्हणजे बटण चुकून दाबले गेले असणार, असे समजून बरीच युनिट दारे पुन्हा बंद करून टाकतात.

एकच दार चालत नसेल तर शोध त्या दारापुरता आणि त्या दाराकडे जाणाऱ्या वायरपुरता उरतो. इथे एक साधा तर्क फार उपयोगी पडतो आणि गॅरेजमध्ये तो क्वचितच लढवला जातो. दार लॉक करतानाही आणि उघडतानाही मोटरच्या त्याच दोन वायरमधून वीज वाहते, फक्त दिशा बदलते. तेव्हा दोनपैकी कोणतीही एक वायर तुटली तर दोन्ही क्रिया बंद पडायला हव्यात. समजा एखादे दार रिमोटने उघडते, पण लॉक होत नाही, आणि बाकीची दारे दोन्हीकडे व्यवस्थित चालतात. अशा वेळी वायर शाबूत आहे, मोटर फिरते आहे आणि रिलेही ठीक आहेत, कारण तेच रिले इतर दारांनाही वीज पुरवतात. मग उरतो तो यांत्रिक अडथळा: सुकलेले ग्रीस, वाकलेली सळई, सैल झालेला गनचा स्क्रू किंवा दुसऱ्या कुठल्या तरी भागावर घासणारी खुंटी. याला अपवाद एकच. काही गाड्यांत पहिल्यांदा बटण दाबल्यावर फक्त चालकाचे दार उघडते, आणि तिथे त्या दाराची एक वायर स्वतंत्र असते; अशा दाराला हा तर्क जसाच्या तसा लावता येत नाही.

आमच्या गाडीत मागचे डावे दार दोन्ही दिशांना बंद होते, म्हणजे वायर किंवा मोटर. चालकाच्या दाराचा तिढा जास्त गुंतागुंतीचा होता, कारण तिथे मोटर चालत होती, पण लॉक झालेली गाडी तेच दार पुन्हा उघडायला लावत होते.

दार उघडण्याआधी दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. पहिली म्हणजे किल्ली कायम खिशात ठेवावी आणि दुसऱ्या एखाद्या दाराची काच पूर्ण खाली करून ठेवावी. चाचणी चालू असताना वायर इकडची तिकडे लागली की ही यंत्रणा मनाला येईल तेव्हा गाडी लॉक करते. दुसरी म्हणजे वायर जोडण्या-तोडण्याचे काम असेल तेव्हा बॅटरीचे ऋण टोक काढून ठेवावे. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी दहाचा पाना लागतो. ज्या गाड्यांच्या दारात एअरबॅगचा सेन्सर असतो, तिथे टोक काढल्यावर काही मिनिटे थांबूनच पुढे जावे. ज्या दारावर काम करायचे त्याची काच मात्र पूर्ण वर असू द्यावी, म्हणजे पोटात हात घालायला जागा मिळते.

पॅड काढणे हे घाबरवणारे काम वाटते, पण त्यात जोर कमी आणि निरीक्षण जास्त लागते. स्क्रू हमखास दोन-तीन जागी लपलेले असतात: आतल्या हँडलच्या वाटीत एका लहान झाकणाखाली, दार ओढून घेण्याच्या खाचेच्या तळाशी, आणि काही गाड्यांत आरशाच्या मागच्या त्रिकोणी पट्टीखाली. काच खालीवर करण्याचे हँडल हाताने फिरवायचे असेल तर ते एका स्प्रिंगच्या क्लिपने धरलेले असते. हँडल आणि पॅड यांच्या फटीत जुने फडके घालून, बूट पुसतात तसे ते पुढेमागे ओढले की ही क्लिप सुटून येते, आणि ती नेमकी कुठे उडून पडली हे पाहायला एखादा माणूस शेजारी उभा असलेला बरा. सगळे स्क्रू निघाल्यावर पॅडच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून एकेक क्लिप बाहेरच्या बाजूला खेचावी. स्क्रूड्रायव्हरचे टोक पत्र्यात घुसवून तरफ करू नये. त्याने रंग निघतो आणि पावसाळ्यात तिथून गंज सुरू होतो. क्लिप जुन्या असतील तर काही तुटतीलच. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत त्या सुट्या मिळतात आणि इतक्या स्वस्त असतात की काम सुरू करण्याआधीच मूठभर आणून ठेवाव्यात.

पॅड निघाले की पत्र्यावर चिकटवलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद दिसतो. तो बिनकामाचा वाटून अनेक ठिकाणी फाडून फेकून दिला जातो, आणि आपल्या पावसाळ्यात त्याची किंमत मोजावी लागते. काचेच्या रबराच्या फटीतून पावसाचे पाणी दाराच्या पोटात उतरतेच. ते पोटातच राहावे, गाडीच्या आत शिरू नये आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर जावे, यासाठी तो कागद असतो. तो एका काळ्या, कधीही न सुकणाऱ्या चिकट पट्टीने चिकटवलेला असतो. कागद सावकाश सोडवून तसाच वर टाचून ठेवावा, आणि चिकट पट्टीला हात किंवा धूळ लागू देऊ नये, म्हणजे काम झाल्यावर नुसता दाबून तो पुन्हा बसतो. दाराच्या पत्र्याच्या आतल्या कडांना चांगलीच धार असते. जाड हातमोजे घालून बारीक काम करता येत नसेल तर निदान मनगटापर्यंतच्या भागावर जुना मोजा चढवावा.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. गनपर्यंत वीज पोहोचते की नाही हे पाहायला बहुतेक जण डिजिटल मल्टीमीटर घेऊन बसतात आणि फसतात. वीज येते ती सेकंदापेक्षाही कमी वेळ. तेवढ्यात स्वस्त मीटरचे आकडे स्थिरच होत नाहीत. शिवाय मीटरला विजेचा अगदी सूक्ष्म प्रवाह पुरतो, त्यामुळे वायरच्या दहा-वीस तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी तो ऐटीत १२ व्होल्ट दाखवतो, आणि प्रत्यक्ष मोटर जोडली की मात्र त्या एका तारेतून पुरेसा प्रवाह जात नाही. यावर उपाय म्हणजे पार्किंग लाइटचा १२ व्होल्ट, ५ वॅटचा बल्ब. त्याला दोन वायर डकवून, गनचा कनेक्टर सोडवून, मोटरच्या दोन वायरवर तो लावावा आणि कोणाला तरी रिमोट दाबायला सांगावे. प्रत्येक वेळी बल्ब एकदा लखकन पेटून विझला पाहिजे. लॉकला आणि अनलॉकला सारखाच पेटला तर त्या गनपर्यंतची सगळी वाट मोकळी आहे. मंद, पिवळा पेटला तर वायर अर्धवट तुटलेली आहे किंवा जोडाला गंज चढला आहे. पेटलाच नाही तर दोष गनमध्ये नाही, तिच्या अलीकडे आहे.

मागच्या डाव्या दाराशी बल्ब दोन्ही वेळा ठसठशीत पेटला. तिथे खरोखरच मोटर गेलेली होती, आणि गॅरेजवाल्यांना त्या दारापुरते पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत.

चालकाच्या दाराशी मात्र बल्ब लहरीपणा करू लागला. दार अर्धे उघडे असताना नीट पेटायचा, पूर्ण उघडले की मंद व्हायचा, आणि दार हाताने हलवत ठेवले की कधी पेटायचा, कधी नाही. हे लक्षण दिसले की दाराच्या पोटातले शोधकाम थांबवून सरळ बिजागरीकडे जावे. दार आणि गाडीचा खांब यांच्यामध्ये एक सुरकुतलेला रबरी बूट असतो आणि दाराकडे जाणारी प्रत्येक वायर त्याच्यातून जाते. दार जितक्या वेळा उघडते-मिटते तितक्या वेळा त्या वायर एकाच जागी वाकतात. चालकाचे दार बाकीच्या सगळ्या दारांपेक्षा कितीतरी जास्त वेळा उघडले जाते, म्हणून हा आजार तिथेच आधी होतो. यात फसवे असे की वायरचे बाहेरचे प्लॅस्टिक पुष्कळदा अखंड राहते आणि आतली तांब्याची तार तुटते. डोळ्यांना काहीच दिसत नाही. बूट खांबाच्या बाजूने सोडवून मागे सरकवला, एकेक वायर दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकेच ताणली, तेव्हा मोटरची एक वायर रबरासारखी लांबली. धड तार कधीही अशी लांबत नाही. लांबते ते नुसते प्लॅस्टिक. तिथे चीर दिल्यावर आत तुटलेल्या तारांचे दोन झुपके समोरासमोर होते. जेमतेम दोन-तीन तारा शिल्लक होत्या आणि बाकीच्यांवर हिरवट थर जमलेला होता. शेजारची स्विचची सामाईक वायर, म्हणजे ‘लॉक’ आणि ‘उघडे’ या दोन्ही निरोपांना लागणारी, तर पूर्णच तुटली होती. तिची टोके एकमेकांना केवळ टेकून काम भागवत होती.

लॉक होऊन लगेच उघडणाऱ्या गाडीचे कोडेही इथेच सुटले. मोटरची वायर कमजोर, त्यामुळे चालकाच्या दाराची गन अर्ध्यावरच थांबत होती आणि तिचा स्विच ‘उघडे’ याच जागी राहत होता. एरवी याने काही बिघडले नसते, कारण युनिट स्विचच्या स्थितीकडे नव्हे तर तिच्यातल्या बदलाकडे लक्ष देते. परंतु बाकीच्या दारांच्या गना चालल्या की गाडीला जो बारीक हिसका बसे, त्याने सामाईक वायरची टेकलेली टोके क्षणभर सुटून पुन्हा जुळत. युनिटला वाटे की चालकाने आत्ताच दार उघडले. मग ते इमानेइतबारे चारही दारे उघडून टाके. या लक्षणावर नवीन कंट्रोल युनिट बसवून घेतलेले लोक मला माहीत आहेत, आणि नव्या युनिटनेही अर्थातच तेच केले.

वायर जोडण्याच्या पद्धतीबद्दल माझा आग्रह जरा कडक आहे. बुटाच्या आत, जिथे वायर वाकते तिथेच, डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, जोड करू नये. डाग दिलेली तार कडक होते आणि त्या कडक भागाची कड जिथे संपते तिथेच ती काही महिन्यांत पुन्हा तुटते. योग्य मार्ग असा की तुटलेला तुकडा दोन्ही बाजूंनी बऱ्यापैकी मागे जाऊन कापून काढावा, मध्ये अनेक बारीक तारांची, लवचीक, तितक्याच जाडीची नवी वायर घालावी, आणि दोन्ही जोड बुटाच्या बाहेर, म्हणजे एक दाराच्या पोटात आणि एक खांबाच्या आत, येतील असे पाहावे. जोडासाठी दाबून बसवायची नळी वापरावी आणि तिच्यावर गरम केल्यावर आक्रसणारी स्लीव्ह चढवावी. काळी इन्सुलेशन टेप नको. उन्हात तापणाऱ्या दारात ती चिकचिकीत होऊन सरकते. ही सगळी सामग्री बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळते. एक वायर तुटली असेल तर तिच्या शेजारणीही त्याच वाटेवर असतात, त्यामुळे बूट एकदा सोडवलाच आहे तर काचेच्या मोटरच्या जाड वायरही चिमटीत धरून पाहाव्यात. नवी वायर थोडी सैल सोडावी आणि दार पूर्ण उघडून-मिटून ती कुठे ताणली जात नाही ना हे बघून मगच बूट बसवावा.

वायर बदलल्यावर गन जोरात चालू लागली, पण खुंटी खाली जाताना जड वाटत होती. मोटर अर्ध्यावर थांबण्यात लॉकच्या सुकलेल्या ग्रीसचाही वाटा होता. लॉकची रचना तशी साधी असते. खांबावर एक जाड कडी असते. दार मिटताना कडी लॉकच्या फटीत शिरते, आतला आकडा तिच्याभोवती वळतो आणि एक खटका त्या आकड्याला मागे फिरू देत नाही. सेंट्रल लॉकचा या आकड्याशी काही संबंध नाही. ते फक्त हँडल आणि खटका यांच्यातला दुवा तोडते किंवा जोडते. हा दुवा आणि तो ज्याभोवती फिरतो तो पिव्होट यांच्यावर जुने ग्रीस धुळीसोबत मिसळून डांबरासारखे झालेले होते. असे ग्रीस मोटरला अक्षरशः घाम फोडते.

गंज सोडवणारा स्प्रे मारला की लॉक त्या क्षणी मऊ चालते आणि काम झाल्यासारखे वाटते, परंतु तो स्प्रे जुने ग्रीस धुऊन काढतो आणि स्वतः उडून जातो. तो धुण्यापुरताच वापरावा. ब्रशने घासून मळ काढावा, फडक्याने कोरडे करावे आणि मग पांढरे लिथियम ग्रीस आकड्यावर, खटक्यावर आणि दुव्यांच्या सांध्यांवर पातळ लावावे. त्यानंतरची चाचणी दार उघडे ठेवूनच करावी. स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने आकडा दार मिटल्यासारखा आत ढकलावा, रिमोटने लॉक करावे, बाहेरचे हँडल ओढून आकडा सुटत नाही हे पाहावे, अनलॉक करावे आणि पुन्हा ओढून तो सुटतो हे पाहावे. हँडलच्या सळया पुन्हा जोडल्या गेल्या आहेत याची खात्री न करता दार मिटले, तर पॅड नसलेल्या, आतूनही न उघडणाऱ्या आणि बाहेरूनही न उघडणाऱ्या दारासमोर उभे राहण्याची वेळ येते. मागच्या दारांच्या बाबतीत चाइल्ड लॉकची बारीक कळ कामाच्या ओघात सरकलेली नाही ना, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.

आता मागच्या दाराची गन. ती उघडून पाहण्याचा मोह मला आवरला नाही. डब्याचे दोन भाग सुटल्यावर मोटर हातात येते. तिच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे आतले ब्रश झिजून गेले होते आणि ते ज्यावर घासतात त्या कम्युटेटरच्या फटी त्यांच्या काळ्या पुडीने बुजल्या होत्या. हलकासा ठोका मारला की अशी मोटर थोडा वेळ चालते, आणि दार आपटल्यावर लॉक लागते असे जे लोक सांगतात त्यामागे बहुधा हेच कारण असते. कम्युटेटर साफ करून ती काही काळ चालवता येते, किंवा आतली एवढीशी मोटर तेवढी बदलता येते. पण बाजारात दोन वायरची नवी गन काहीशे रुपयांत मिळत असताना त्या दुरुस्तीत अर्थ नाही, असे माझे मत आहे. ज्या गाड्यांत मोटर लॉकच्या आतच बंदिस्त असते आणि संपूर्ण असेंब्ली महाग पडते, तिथे मात्र ही खटपट करून पाहण्याजोगी आहे.

नवी गन बसवताना सगळी मेख असते ती सळईच्या सरळपणात. दांडा ज्या रेषेत सरकतो त्याच रेषेत लॉकची मूळ सळई सरकत असली पाहिजे. कोन पडला की अर्धी ताकद घर्षणात जाते. दुसरी गोष्ट म्हणजे लांबी. खुंटी मध्यावर असताना गनचा दांडाही मध्यावर यावा, म्हणजे दोन्ही टोकांना सारखीच थोडी मोकळीक उरते. हे जुळले नाही तर लॉक पूर्ण लागत नाही, किंवा लागते पण हाताने खुंटी वर करताना ती टोकाला अडते. मी आधी सळईची पकड हलकी आवळून, खुंटी हाताने वरखाली करून, दोन्ही टोकांना दांडा डब्यावर आदळत नाही हे पाहिले आणि मग स्क्रू पक्के केले. बटण दाबल्यावर दार उलटे चालले, म्हणजे बाकीची लॉक होताना ते उघडले, तर घाबरण्यासारखे काही नाही. मोटरच्या दोन वायर एकमेकींच्या जागी लावल्या की झाले. काच खाली करून तिचा मार्ग गनला किंवा नव्या वायरला कुठे स्पर्श करत नाही, हेही पॅड बसवण्याआधीच तपासावे. वायर पत्र्याला क्लिपने बांधून टाकावी, नाहीतर ती रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला आतून टकटक करत राहते आणि पुण्यात तो आवाज फार वेळ थांबत नाही.

प्लॅस्टिकचा कागद पुन्हा चिकटवताना त्याची खालची कड पत्र्याच्या फटीतून दाराच्या पोटात सोडलेली असावी, पॅडच्या बाजूला नव्हे. ओघळ आत उतरला पाहिजे. तळाची निचऱ्याची भोके माती आणि पानांनी बुजलेली असतात. ती एखाद्या तारेने मोकळी करावी. आमच्या मागच्या दारातून बरीच लाल माती निघाली, ती बहुधा कोकणातल्या फेऱ्यांची कमाई. पोटात साचलेल्या पाण्याची वाफ कनेक्टरमध्ये शिरते, आणि गनच्या आत जो गंज सापडतो तो पुष्कळदा तिथूनच आलेला असतो.

अलीकडच्या गाड्यांबाबत एक मर्यादा सांगितली पाहिजे. त्यांत दारांची लॉक बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाच्या संगणकाच्या ताब्यात असतात, मोटर आणि तिचा स्विच लॉकच्या आतच असतात, आणि काही गाड्यांत दाराकडे हुकूम जातो तो साध्या विजेच्या स्वरूपात नव्हे, तर माहितीच्या संदेशाच्या स्वरूपात. अशा वायरवर बल्ब लावून चाचणी घेऊ नये. बल्ब जितका प्रवाह ओढतो त्याने मॉड्यूलला इजा होऊ शकते. तिथे स्कॅनर जोडून दोषाचा कोड वाचणे हाच मार्ग, आणि गाडी वॉरंटीत असेल तर पॅडलाही हात लावू नये. मात्र बिजागरीजवळचा रबरी बूट आणि सुकलेले ग्रीस हे दोन आजार नव्या गाड्यांनाही तसेच होतात, कारण तांबे तेच आहे आणि धूळही तीच. म्हणून स्कॅनरने ‘लॉकची मोटर’ असा निवाडा दिला तरी असेंब्ली मागवण्याआधी बूट उघडून वायर पाहायला लावावी. त्याला फार वेळ लागत नाही.

पॅड पुन्हा चढवण्याआधी चालकाच्या दाराच्या किल्लीच्या भोकाकडेही पाहून घ्यावे. रिमोट आल्यापासून तिथे किल्ली जात नाही, आणि वर्षानुवर्षे न फिरलेला तो सिलिंडर धुळीने घट्ट होऊन बसतो. बॅटरी पूर्ण उतरली की रिमोटही गेला आणि गनाही गेल्या. मग गाडीत शिरण्याची वाट तेवढीच उरते, आणि बॉनेट उघडण्याची कळ तर गाडीच्या आत असते. आमचा सिलिंडर निम्म्यात अडत होता. त्यात तेल घालू नये, कारण तेलावर धूळ चिकटते. ग्रॅफाइटची कोरडी पूड किल्लीला लावून ती सावकाश आतबाहेर करावी. आमच्या किल्लीला तेवढ्याने वाट मिळाली, आणि आता गाडी धुताना ती एकदा फिरवून घेतो.